न प्यायलेला गहवा

कुवेतच्या विमानतळावर माझी बॅग ज्यानं उचलली त्याला मी ओळखत नव्हतो, म्हणून मी ती सोडली नाही. पांढरा पायघोळ अंगरखा, डोक्यावर पांढरा रुमाल, वर्ण गडद काळा, वय साठीच्या आसपास. तो हसत हसत ओढतोय, मी न हसता ओढतोय, असं थोडा वेळ चाललं. तेवढ्यात गर्दीतून माझा जावई प्रसाद धावत आला आणि म्हणाला, आप्पा, सोडा, हे आपले बू सालेम आहेत.

सांगलीच्या जकात नाक्यावर माझी सगळी नोकरी गेली. ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलायची, हळदीच्या पोत्यांखाली काय दडवलंय ते बघायचं. निवृत्त झालो तरी डोळ्यांची खोड गेली नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, तुम्ही देवळातला पेढासुद्धा उलटून बघता. त्यामुळे वैशालीनं, माझ्या एकुलत्या एका मुलीनं, व्हिसा पाठवून ‘थंडीत या, हवा छान असते’ असं कळवलं तेव्हा माझ्या मनात आधी हेच आलं की हिला काहीतरी सांगायचंय आणि ते फोनवर सांगता येत नाहीये. तसं काही नव्हतं. तिला बापाची आठवण येत होती, एवढंच. पण हे पटायला मला चार-पाच दिवस लागले.

बू सालेम म्हणजे सालेमचा बाप. तिकडं माणसाला मुलाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर हा प्रसादच्या कंपनीत मंदूब (सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणारा माणूस) होता. प्रसादची गाडी दुरुस्तीला गेली होती म्हणून यानं आपली आणली होती. आता विचार करा, स्वतःच्या देशातला माणूस परदेशातून आलेल्या स्टोअरकीपरच्या सासऱ्याला आणायला स्वतःच्या गाडीनं, फुकट, कशाला येईल? मी मागच्या सीटवर बसून त्याच्या मानेकडे बघत होतो. त्याचं हिंदी चांगलं होतं, मुंबईच्या वळणाचं. मी नाक्यावरच्या सवयीनं विचारलं, आप मूल कहाँ के?

“कुवेत.”

“उसके पहले?”

त्यानं एका घराण्याचं नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही. नंतर प्रसादकडून कळलं की ते फार मोठं घराणं आहे, एके काळी मुंबईत त्यांची पेढी होती. तेव्हा तर माझी खात्रीच पटली. एवढ्या मोठ्या घरातला माणूस लोकांच्या फायली घेऊन रांगेत उभा राहतो, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. मला मात्र त्यानं उतरताना ‘बू वैशाली’ म्हणून हाक मारली. मुलीच्या नावानं बाप ओळखला जातो हे मला, खरं सांगतो, आवडलं.

वैशालीचं घर सालमियाला. एकाला एक लागून इमारती, खाली दुकानं, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की समुद्र. दुकानांत निम्मी भाषा हिंदी. वाण्याकडे कढीपत्ता मिळतो, तोही सांगलीपेक्षा ताजा, आणि तो नेमका कुठून येतो हे वाणी सांगत नाही. सकाळी मी समुद्राकडे फिरायला जायचो. पाणी निळं, शांत, लाटा अगदी नावाला. समुद्रानं असं गप्प राहावं हे मला बरं वाटेना. येताना भट्टीवरून गरम खुबूस (ताटाएवढी फुगलेली रोटी) घ्यायचो आणि वैशाली पिठलं करायची. खुबूस आणि पिठलं यांचं फार छान जमतं, हे मी इथल्या बऱ्याच लोकांना सांगितलं आहे.

संध्याकाळी वैशाली रुमैथियाला एका घरी, त्यांच्या नातीला गणित शिकवायला जायची. घरी बसून भिंती किती बघायच्या, म्हणून एक दिवस मीही निघालो. वाटेत तिनं त्या घरचं नाव सांगितलं आणि मी चमकलो. बू सालेमनं सांगितलेलं तेच नाव. हा त्याच घरातला, आणि माझी मुलगी त्याच घरात जाते. मी वैशालीला काही बोललो नाही, पण बटण लावून कोट घट्ट केला.

घर कसलं, आमच्या नगरपालिकेची इमारत त्यापुढं लहान. वैशाली मला खालच्या बैठकीत बसवून म्हणाली, “आप्पा, कुठं उघडून बघत बसू नका हं,” आणि वर गेली. पाण्याचा ट्रे घेऊन एक बाई येत होती, पायघोळ झगा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. वैशालीचं बोलणं तिच्या कानावर पडलं आणि ट्रेमधला ग्लास कलंडला. तिनं तो सावरला, वरच्या जिन्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, तुमी महाराष्ट्रातले?

तिचं नाव हाजरा. श्रीवर्धनच्या पलीकडच्या एका गावची. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही, तेव्हापासून ही इथं स्वयंपाकाला. करार कधीच संपला होता. पोरीचा निकाह ठरला होता, आईशिवाय लावायचा नाही म्हणून दोनदा पुढं ढकलला होता, आणि आता मुलाकडचे कुरकुरायला लागले होते. हे सगळं तिनं टेबल पुसत पुसत, माझ्याकडे न बघता सांगितलं. मी विचारलं, मग जात का नाहीस?

“मामा सोडीत नाय. पासपोर्ट मामाच्या कपाटात हाय.”

मला धक्काच बसला. म्हटलं, तुझा मामा इथंच असतो?

“हाय ना. वर झोपलीय.”

झोपलीय हे जरा खटकलं, पण किनाऱ्याकडच्या बोलीत लिंग थोडं इकडं-तिकडं होतं असं मी ऐकून होतो, म्हणून सोडून दिलं. माझं डोकं त्या मामावर तापलं होतं. सख्ख्या भाचीचा पासपोर्ट कपाटात ठेवून वर झोपा काढणारा हा कसला मामा? मी तिला म्हणालो की त्याला खाली बोलाव, मी बोलतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात वरून हाक आली. हाजरानं “जी मामा” म्हणून ओ दिली आणि जिन्यावरून एक जाडजूड, प्रसन्न चेहऱ्याच्या बाई उतरल्या. मी त्यांच्या मागं वाकून मामा येतोय का ते बघत होतो.

परत येताना मी वैशालीला त्या मामाबद्दल बोललो. ती आधी रस्त्यातच उभी राहून हसली आणि मग तिचं हसू गेलं. इथं घरकाम करणाऱ्या बायका मालकिणीला मामा म्हणतात आणि मालकाला बाबा, असं तिनं सांगितलं. मामा म्हणजे आई. मला हे ऐकून अधिकच संशय यायला लागला. नाक्यावर जो माणूस आल्याआल्या ‘काका’ म्हणायचा, त्याचा ट्रक मी आधी रिकामा करून घ्यायचो. वैशालीला मात्र माझी लक्षणं ठाऊक होती. ती म्हणाली, आप्पा, यात पडू नका. तुम्ही महिन्याभरानं घरी जाल, आम्हाला इथं राहायचंय.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी गप्प बसायचं ठरवलं. रात्री प्रसादनंही तोच विषय काढला आणि मी उशी उलटीपालटी करत पडलो.

आता माझी एक फजिती सांगतो. प्रसादचं शोरूम राई नावाच्या भागात आहे, तिथं एकट्यानं बसनं जाऊन त्याला चकित करावं असं माझ्या डोक्यात आलं. कंडक्टर नव्हता, ड्रायव्हरच पैसे घेत होता, म्हणून याला हिशेब जमतोय का ते बघत मी पुढं उभा राहिलो आणि त्या नादात उतरायचं ठिकाण गेलं. मग गोदामं, गॅरेजं, टायरचे ढीग. सगळ्या भिंती सारख्या, सगळे शटर सारखे. वारा सुटला आणि धूळ अशी उठली की समोरची पाटी दिसेना. नाकाला रुमाल लावून मी एका शटरला टेकलो होतो, तोच शेजारी गाडी थांबली. बू सालेम.

एवढ्या मोठ्या राईत हा नेमका इथंच कसा? मी तसं विचारलंही. तो म्हणाला, शोरूम पुढच्या वळणावर आहे, मी रोज इथूनच जातो. गाडीत बसलो, पण मनातली गाठ सुटेना. शेवटी मी सरळ विचारलं, तुम्ही त्या रुमैथियातल्या घरातले ना?

“हां,” तो म्हणाला. “घर का आदमी.”

मग गाडी चालवत, समोरच्या धुळीकडे बघत, त्यानं जे सांगितलं ते असं. त्याच्या आजोबांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, लहान असताना, गलबतात घालून आणलं होतं. या घरानं त्यांना विकत घेतलं आणि नाव ठेवलं मर्जान. मर्जान म्हणजे पोवळं. अशा माणसांना तिकडं अशीच नावं ठेवत, माणिक, पोवळं, जे बाजारात मिळतं त्याचं. आजोबांचं खरं नाव काय होतं ते आजोबांनाही सांगता येत नसे. बापही त्याच घरात जन्मला, त्याच घराचा. घराण्याचं नाव शेवटी लागलं ते असं लागलं. रस्त्यावर लोक ते नाव ऐकून सलाम करतात, पण मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की सगळ्यांना बरोबर ठाऊक असतं की कुठलं नाव रक्ताचं आणि कुठलं विकतचं.

मी विचारलं, मग गुलामीवर बंदी आली तेव्हा?

“बंदी आली. माझ्या बापाला बोलावून सांगितलं, आजपासून तू मोकळा. बाप म्हणाला, बरं. आणि गहवा (तिकडची कॉफी) करायला गेला. पाहुणे यायची वेळ झाली होती.”

हे त्यानं हसून सांगितलं. मला हसू आलं नाही. वैशालीनं नको म्हटलं असतानाही माझ्या तोंडून हाजराची गोष्ट बाहेर पडली. त्यानं गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, मालूम है. त्याला सगळं माहीत होतं, निकाह पुढं ढकलल्याचंही. मला राग आला. माहीत आहे, त्या घरात रोजचं येणं-जाणं आहे, आणि हा माणूस तोंड उघडत नाही. उलट मला म्हणाला, मंगळवारी त्यांच्या दिवानियाला (पुरुषांच्या बैठकीला) चला. पाहुणा म्हणून. बू खालिदना मुंबईची आठवण काढायला आवडतं.

मी घरी येऊन वैशालीला विचारलं की या बू सालेमचं काय आहे, त्याला हाजराशी लग्नबिग्न तर करायचं नाही? ती म्हणाली, त्याला बायको आहे, सात नातवंडं आहेत, आप्पा, तुम्ही जरा समुद्रावर जाऊन या. दिवानियाचं मी तिला सांगितलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी तो मला घ्यायला आला. गाडीत सहज बोलावं तसं म्हणाला की तिकडचा गहवा कडू असतो, दूध नाही, साखर नाही, तुम्हाला बाधेल. मी म्हटलं, मला पित्ताचा त्रास आहेच. तो म्हणाला, मग पिऊ नका. हातात घ्या आणि समोर खाली ठेवा. कुणाला राग येत नाही. एवढ्या काळजीनं तो हे सांगत होता की मी मनात म्हटलं, त्या गहव्यात काहीतरी आहे.

दिवानिया म्हणजे घराला लागून वेगळं दालन. बाहेर चपला, आत भिंतीच्या कडेनं गाद्या आणि लोड, मधे सगळा गालिचा. दहा-बारा म्हातारे बसले होते, टीव्ही चालू होता आणि कुणी बघत नव्हतं. मधोमध बू खालिद, मामांचे यजमान, म्हणजे हाजराचे बाबा. गोरा, बारीक, नाजूक हातांचा माणूस. मला त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं आणि मुंबईचं हिंदी काढलं. लहानपणी ते महंमद अली रोडला राहिले होते, मराठी ‘काय पाहिजे’ आणि ‘किती झाले’ त्यांना अजून येत होतं. माणूस चांगला होता. मला चांगल्या माणसांचा फार त्रास होतो, कारण त्यांच्यात शोधायचं काय ते कळत नाही.

बू सालेम मात्र बसलाच नाही. आत आल्याबरोबर त्यानं कोपऱ्यातली लांब चोचीची पितळी दल्ला (गहव्याची किटली) उचलली आणि उभ्यानं ओतायला लागला. त्या कामाला पगारी माणूस होता, पण त्यानंही किटली निमूटपणे याच्या हातात दिली. निवृत्त सरकारी नोकर, सात नातवंडांचा आजोबा, डाव्या हातात किटली, उजव्या हातात एकात एक घातलेले फिंजान (बिनकानाचे चिमुकले कप), आणि बसलेल्या माणसांपुढं वाकतोय. मी बू खालिदना म्हटलं, ते बसत नाहीत?

“बू सालेम? तो घरचाच आहे,” ते प्रेमानं म्हणाले.

इथं मला नाक्याचं एक सांगायला हवं. घरगुती सामानाला जकात नसायची. त्यामुळे ज्याला पेटी उघडू द्यायची नसेल तो ड्रायव्हर एकच वाक्य बोलायचा, ‘साहेब, घरचंच आहे.’ इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या कानात असं बसलं होतं की ते ऐकलं की हात आपोआप कुलपाकडे जायचा. त्या बैठकीत गादीवर बसल्या बसल्या मला तसंच झालं.

तेवढ्यात बू सालेम माझ्यापुढं वाकला. पिवळट हिरवा, वेलदोड्याचा वास येणारा गहवा, फिंजानाच्या तळाशी घोटभर. मी हातात घेतला आणि सांगितल्याप्रमाणे समोर गालिच्यावर ठेवला.

शेजारचा म्हातारा बोलता बोलता थांबला. त्याच्या पलीकडचाही थांबला. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. सगळे त्या फिंजानाकडे आणि मग बू खालिदकडे बघू लागले. मी काय सांडलं म्हणून खाली बघितलं, काही सांडलं नव्हतं. बू खालिद सरळ होऊन बसले. त्यांचा चेहरा बदलला होता, रागाचा नव्हे, पण औपचारिक.

“मांगिए,” ते म्हणाले. “जो चाहिए.”

मला वाटलं साखर हवी का विचारतायत. थोडं दूध मिळालं तर बरं, असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. तेव्हा माझं लक्ष बू सालेमकडे गेलं. तो माझ्यासमोर किटली धरून उभा होता, नजर जमिनीवर, आणि किटलीची चोच थरथरत होती. त्या थरथरीनं मला एवढंच कळलं की इथं दूध मागायचं नाहीये. मी म्हणालो, हाजरा को घर जाने दीजिए. उसकी बेटी का निकाह रुका है.

बू खालिदनी मांडीवरचा अंगरखा नीट केला. मग ते हळू म्हणाले, “ती तर घरचीच आहे. तिला इथं काय कमी आहे?”

“घरचीच असेल,” मी म्हणालो, “तर तिचा पासपोर्ट तिच्याजवळ का नाही?”

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. नाक्यावरचा आवाज होता तो, आपोआप आला. पाहुण्यानं असं बोलावं का, याची मला आता लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. बू खालिदनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या म्हाताऱ्यांकडे, आणि बोटानं फिंजान दाखवला.

“इश्रब गहवतक,” ते म्हणाले. आणि मला कळावं म्हणून हिंदीत, “अपना गहवा पी लीजिए.”

मी प्यायलो. निव्वळ काढा होता. भिंतीकडेनं बसलेल्या म्हाताऱ्यांनी मोठ्यानं श्वास सोडले, टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि बू सालेम पुढच्या माणसाकडे वळला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडीत बसल्याबरोबर मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, तुम्ही मला फसवून नेलंत. तो म्हणाला, हो. मग त्यानं ती रीत समजावून सांगितली. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो फिंजान न पिता खाली ठेवतो. यजमान ‘पी’ म्हणाला की मागणं मान्य झालं. पाहुण्याचा गहवा गार होऊ देणं ही घराला मोठी शरमेची गोष्ट. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तो म्हणाला, तर तुम्ही आला नसता. हेही खरं होतं.

मी विचारलं, पण तुम्ही स्वतः का नाही मागितलं? तुम्ही इथले नागरिक, पेन्शनवाले, कुणाचे बांधील नाही.

सिग्नल लाल होता. तो हिरवा झाला, मागची गाडी भोंगा वाजवत होती, तरी त्यानं गाडी हलवली नाही.

“जो ओततो त्याच्यापुढं फिंजान नसतो,” तो म्हणाला. “मी खाली काय ठेवू?”

मग त्याच्या आईचं त्यानं सांगितलं. तिची माणसं बसऱ्याच्या बाजूला कुठंतरी होती. मोकळी झाल्यावर ती दर वर्षी म्हणायची, एकदा बघून येते. दर वर्षी घरातल्या बायका म्हणायच्या, पुढच्या वर्षी जा, अगं तू घरचीच, तुझ्यावाचून कसं चालेल. कुणी अडवलं नव्हतं. दार उघडंच होतं. फक्त ‘जा’ असं कुणी म्हटलं नाही आणि तिला त्या शब्दाशिवाय निघता आलं नाही. ती वारली त्या दिवशीही तिचा बुरखा त्याच घराच्या खुंटीवर होता. इतके दिवस मी या माणसाच्या मानेकडे संशयानं बघत होतो, आणि त्या क्षणी मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मी ठेवला.

तरी पासपोर्ट हातात येईपर्यंत माझा कशावरही विश्वास नव्हता. आठवडा गेला. मामांनी वैशालीला निरोप पाठवला की नातीला आता गणित येतं. प्रसाद दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलला. वैशाली म्हणाली, सांगितलं होतं ना, आणि मग मला जवळ घेऊन रडली, त्यामुळे ती चिडलीय की खूश आहे हे मला समजेना. शेवटी बू खालिदनी शब्द पाळला. तिकीट त्यांनीच काढलं, आणि ते माझ्याच विमानाचं होतं.

विमानतळावर आम्हा दोघांना बू सालेमनंच आणलं. हाजरा मागं बसली होती. पासपोर्ट तिनं झग्याच्या आत, छातीशी ठेवला होता आणि मिनिटा-मिनिटाला वरून चाचपत होती. गाडीनं एक वळण वेगळं घेतलं तर घाबरून म्हणाली, हा रस्ता रुमैथियाला तर नाय जात? मी म्हटलं, नाही. पण मीही पाट्या वाचत होतो.

वेळ होता म्हणून आत जायच्या आधी आम्ही चहा घेतला. कागदी कपातला, पिशवी बुडवलेला. मी आणला आणि दोघांपुढं ठेवला. हाजरा प्यायला लागली. बू सालेमनं कप उचलला, तोंडापर्यंत नेला, थांबला, आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवला.

मला कळायच्या आधी ते तिला कळलं. त्या घरचा गहवा इतकी वर्षं तीच तर उकळत होती. तिचा हात कपासकट थांबला. ती इकडं-तिकडं बघायला लागली, जणू मागं कुणी यजमान उभा असेल. कुणी नव्हतं. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, “बोलो, भाई.”

“फिर मत आना,” बू सालेम म्हणाला.

एवढंच. हाजरानं मान खाली घातली. पोरीचं लग्न व्हायचं होतं, धाकटा मुलगा शिकत होता, घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत असणार. ‘पी’ एवढं एक अक्षर म्हणायचं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ओठ हलले, पण आवाज आला नाही. आमच्या विमानाची सूचना झाली. ती उठली, त्याच्यापुढं वाकून तिनं सलाम केला आणि बॅग उचलली. दारातून मी वळून बघितलं तेव्हा बू सालेम तिथंच बसला होता, आणि कप भरलेला होता.

विमान उडेपर्यंत तिनं पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला. समुद्र खाली गेला तेव्हा म्हणाली, “मी पी बोलले असते तं माझा शब्द खोटा झाला असता, आप्पा.”

सांगलीत लोक विचारतात, कुवेत कसं आहे. मी समुद्राचं सांगतो, रस्त्यांचं सांगतो, खुबूस आणि पिठल्याचं तर सांगतोच. गुलामगिरी तिथं कायद्यानं केव्हाच गेली, हेही सांगतो, कारण ते खरं आहे. पण माणूस नुसता सुटून भागत नाही. त्याला मागायला जागा लागते, आणि समोरच्याला हो म्हणायची ऐपत लागते. बू सालेमला उभ्या आयुष्यात एकदा कप खाली ठेवायला मिळाला, आणि जिच्यापुढं तो ठेवला तिच्याकडं ती ऐपत नव्हती.

निकाह थाटात झाला. मी गेलो होतो, मानानं पुढं बसवलं मला. दिवाळीनंतर हाजरा परत कुवेतला गेली, दुसऱ्या घरात. जाण्याआधी तिनं फोन करून एकच सांगितलं, भाईला कळू देऊ नका. बू सालेम अजून अधूनमधून प्रसादला विचारतो म्हणे, हाजरा घरीच आहे ना? प्रसाद म्हणतो, हो, घरीच आहे.